ड्रायव्हर सर्टिफिकेशनच्या टेस्ट व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) चालतात का खरी मशीनच लागतात?

शिरोली_एम्बेडेड

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. शिरोली एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, सॉफ्टवेअर बघणारे आम्ही दोघंच. फाउंड्रीवाल्यांसाठी आम्ही एक डेटा लॉगर बनवतो, इंडक्शन फर्नेसमधल्या मेटलचं टेंपरेचर, कूलिंगचं पाणी, सँड मिक्सरच्या मोटरचा करंट असले चॅनेल एकत्र वाचायचे आणि यूएसबीवरनं पीसीला द्यायचे. विंडोजचा ड्रायव्हर आमचाच आहे, केएमडीएफमध्ये (विंडोजच्या कर्नल ड्रायव्हरची चौकट) लिहिलेला, शॉप फ्लोअरवर चांगला चालतोय.

आत्तापर्यंत गिऱ्हाईक सगळे जवळपासचे, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, त्यामुळं सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही बूटवेळी चालू न देणारी सोय) बंद आणि टेस्ट साइनिंग (आपलीच तात्पुरती सही चालवून घेणं) चालू अशी मशीन आम्हीच सेट करून द्यायचो. आता एक मोठं गिऱ्हाईक मिळतंय आणि त्यांच्या आयटीवाल्यांनी स्पष्ट सांगितलंय की सिक्युअर बूट बंद होणार नाही, ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही पाहिजे, शिवाय त्यांचं एक मशीन विंडोज सर्व्हर २०२२ वर आहे तिथंपण हाच लॉगर लागणार. म्हणजे एचएलकेच्या, मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर लॅब किटच्या, टेस्ट चालवून सबमिट करणं आलंच.

आता मालकांचं म्हणणं असं की ऑफिसात एक दणकट सर्व्हर पडून आहे, ६४ जीबी रॅम आहे, त्यावर हायपर-व्ही (विंडोजमधली व्हीएम चालवायची सोय) टाक, पाहिजे तेवढ्या व्हीएम काढ आणि सगळं त्यातच उरक, नवीन पीसी कशाला घ्यायचे. ऐकायला बरोबर वाटतं पण मला खात्री नाही. यूएसबीचं खरं डिव्हाइस व्हीएमला जोडून टेस्ट पास झाल्या तर त्या धरतात का? कुणी हे केलंय का? मालकांना समजेल असं कारण पण सांगा, नुसतं नाही म्हणून चालणार नाही.

कर्नल_काका

आधी उत्तर सांगतो, कारण नंतर. कंट्रोलर व्हीएमवर बिनधास्त ठेव, ड्रायव्हर ज्याच्यावर तपासायचा ते क्लायंट मशीन खरंच पाहिजे.

एचएलकेचे दोन भाग आहेत हे मालकांना पहिल्यांदा सांग. एक कंट्रोलर, त्याच्यावर स्टुडिओ असतो, तिथनं टेस्ट सोडायच्या, लॉग गोळा करायचे, शेवटी पॅकेज बनवायचं. त्याला तुमच्या लॉगरशी काही देणंघेणं नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच व्हीएचएलके नावानं तयार व्हीएचडीएक्स देते, म्हणजे कंट्रोलर सगळा इन्स्टॉल करून ठेवलेली डिस्क, ती हायपर-व्हीमध्ये लावायची आणि बूट करायची. म्हणजे तुमचा ६४ जीबीचा सर्व्हर वाया जात नाही, त्याचं काम हेच. उलट तुमच्या बाबतीत त्याचा जास्तच उपयोग आहे कारण एका कंट्रोलरवर एचएलकेची एकच आवृत्ती बसते. सर्व्हर २०२२ ची किट वेगळी, विंडोज ११ च्या २४एच२ ची वेगळी, म्हणजे दोन कंट्रोलर लागणारच, आणि ते दोन्ही एकाच सर्व्हरवर दोन व्हीएम म्हणून गुण्यागोविंदानं राहतात.

आता क्लायंट. तू हायपर-व्ही म्हणालास तिथंच पहिली अडचण. हायपर-व्हीमध्ये साधं यूएसबी डिव्हाइस उचलून व्हीएमला द्यायची सोयच नाही. एन्हान्स्ड सेशनमधनं जे देता येतं ते रिमोट डेस्कटॉपचं रिडायरेक्शन आहे, ते रीबूटमध्ये टिकत नाही आणि टेस्टच्या तर काहीच कामाचं नाही. विंडोज सर्व्हरच्या हायपर-व्हीत डीडीए आहे, त्यात अख्खा यूएसबी कंट्रोलर पीसीआय डिव्हाइस म्हणून व्हीएमला देता येतो, पण ते प्रत्येक बोर्डवर जमत नाही आणि जमलं तरी पुढच्या अडचणी तशाच राहतात.

व्हीएमवेअर, व्हर्च्युअलबॉक्स, क्यूईएमयू ही मंडळी यूएसबी पासथ्रू (खऱ्या मशीनचं, म्हणजे होस्टचं, डिव्हाइस आतल्या व्हीएमला, म्हणजे गेस्टला) देतात हे खरं. पण तिथं नीट बघ काय होतं. लॉगर होस्टच्या ताब्यात असतो आणि गेस्टला दिसतो तो सॉफ्टवेअरनं बनवलेला एक्सएचसीआय, म्हणजे यूएसबीचा, कंट्रोलर. तुझा ड्रायव्हर जी रिक्वेस्ट पाठवतो ती होस्ट उचलतो आणि आपल्या सोयीनं खऱ्या बसवर टाकतो. डेटा येतो-जातो, सगळं छान दिसतं. पण तुझ्या ड्रायव्हरनं सिलेक्टिव्ह सस्पेंड (फक्त ते एक डिव्हाइस झोपवणं) मागितला तर गेस्टला वाटतं डिव्हाइस झोपलं, खऱ्या केबलवर पोर्ट सस्पेंड झालेला असेलच असं नाही. मग त्यातनं जागं होताना तुझं फर्मवेअर काय करतं हे कुणी तपासलं? कुणीच नाही. वेळेचंही तसंच, गेस्टचा प्रोसेसर होस्टच्या शेड्यूलरवर अवलंबून, तुमचा तर सलग सॅम्पलिंगचा माल आहे.

दुसरं झोपेचं. डिव्हाइस फंडामेंटल्सच्या (डीएफ) टेस्टमध्ये आयओ, म्हणजे डेटाची ये-जा, चालू असताना मशीन झोपवायचं, उठवायचं, परत आयओ करायचा असा मोठा भाग असतो. हायपर-व्हीच्या व्हीएममध्ये कमांड प्रॉम्प्टला पॉवरसीएफजी स्लॅश ए टाकून बघ, एस३ (मशीनची नेहमीची झोप) मिळत नसलेल्या स्टेटमध्येच दिसतं. जी स्टेट मशीनला नाहीच तिच्यात ड्रायव्हर कसा वागतो ते कसं कळणार. आणि यूएसबी ड्रायव्हरचे निम्मे बग मी झोपेतनं उठतानाच बघितलेत.

उद्यमनगरकर

काकांचं एकदम बरोबर. आमच्या उद्यमनगरात एक साधं गणित आहे, ड्रॉइंग कितीबी देखणं असूदे, जॉब लेथवर चढवून मायक्रोमीटर लावल्याशिवाय साइज कळत नाही. मालकांना हे सांग, लगेच पटंल.

शिरोली भावा एक विचारायचं हाय, तुमचा लॉगर फर्नेसच्या किती जवळ बसतो? मी पॅनेल बनवतो, इंडक्शन फर्नेसच्या जवळ यूएसबीची लय तक्रार असते. फर्नेस पॉवर घेते तवा मधनंच डिव्हाइस उडतंय, परत येतंय, टुंग टुंग आवाज चालूच. फेराइट लावून, शील्डेड केबल टाकून, आयसोलेटर घालून कमी होतं पण शून्य होत नाही. तुमच्याकडं काय अनुभव?

शिरोली_एम्बेडेड

उद्यमनगरकर दादा, हेच होतं. पॅनेल फर्नेसपासनं लांब ठेवा म्हणून सांगतो पण जागाच नसते बऱ्याच ठिकाणी. लॉगर बसवरनं पडतो आणि एक-दीड सेकंदानं परत येतो. ड्रायव्हरमध्ये ते सांभाळलंय, म्हणजे आम्हाला तसं वाटतंय.

काका, एस३ चं मी आत्ताच बघितलं, तंतोतंत तेच दिसलं. धन्यवाद.

कर्नल_काका

मग हेच मालकांना दाखवायचं कारण. बसवरनं असं पडणं म्हणजे विंडोजच्या भाषेत सरप्राइज रिमूव्हल. ड्रायव्हरला आधी काही न विचारता डिव्हाइस गायब होतं, त्यावेळी हवेत असलेल्या रिक्वेस्ट रद्द करायच्या, टायमर थांबवायचे, मेमरी सोडायची, आणि हे सगळं दुसऱ्या थ्रेडमध्ये रीड चालू असताना. इथं गडबड झाली की ब्लू स्क्रीन. ऑफिसातल्या टेबलावर महिन्यातनं एकदा होईल ते तुमच्या गिऱ्हाईकाकडं दर हीटला होतंय! एचएलकेमध्ये ह्याच्यासाठी स्वतंत्र टेस्ट आहे, डीएफ पीएनपी सरप्राइज रिमूव्ह, आणि ती ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरच्या चुका पकडणारं विंडोजमधलं टूल) चालू ठेवून होते. एखादी रिक्वेस्ट विसरली, एखादी मेमरी दोनदा सोडली तर व्हेरिफायर तिथंच मशीन पाडतो आणि डंप (पडतानाची मेमरीची प्रत) देतो.

व्हीएममध्ये ही टेस्ट चालते, नाही असं नाही, पण तिथं हवेत असलेली रिक्वेस्ट नेमकी होस्टच्या हातात असते आणि होस्ट ती आपल्या पद्धतीनं नीटनेटकी रद्द करून देतो. खऱ्या कंट्रोलरवर ती अर्धवट ट्रान्सफर होऊन एररसकट परत येते. तुझ्या ड्रायव्हरची परीक्षा त्या दुसऱ्या रस्त्यावर आहे.

त्यामुळं सहीसाठी म्हणून खरी मशीन वापर असं मी म्हणत नाही. टेस्ट गिऱ्हाईकासाठी आहे. फर्नेसवर मेटल तयार आहे, ओतायची वेळ आहे आणि स्क्रीन निळा, त्या माणसाची काय अवस्था होते ते तू बघितलं असशील.

क्यूईएमयू_ताई

वाचत होते, काकांशी बऱ्यापैकी सहमत आहे पण एक गोष्ट धाग्यात तशीच राहू नये म्हणून लिहिते. व्हीएमवर सर्टिफिकेशन होतच नाही असा अर्थ कुणी काढू नका. मी राजारामपुरीत बसून रिमोट काम करते, विषय व्हर्च्युअलायझेशनचाच. केव्हीएमवर विंडोज गेस्ट चालवताना जे व्हर्टआयओ ड्रायव्हर टाकतात, नेटवर्कचा नेटकेव्हीएम, डिस्कचा व्हीआयओस्टोर, त्यांच्या एचएलके टेस्ट व्हीएममध्येच चालतात, आणि तिथं तेच योग्य आहे कारण ते नेटवर्क कार्ड जगात कुठं दुकानात मिळत नाही, क्यूईएमयूनं बनवलेलं तेच त्याचं खरं हार्डवेअर. ह्यासाठी ऑटोएचसीके नावाचं ओपन सोर्स टूल आहे, ते क्यूईएमयूमध्ये कंट्रोलर आणि क्लायंट दोन्ही उभे करून, ड्रायव्हर टाकून, टेस्ट सोडून, पॅकेजपर्यंत सगळं आपोआप करतं. हायपरव्हायजर बनवणाऱ्यांसाठी तर मायक्रोसॉफ्टचा एसव्हीव्हीपी म्हणून वेगळा कार्यक्रमच आहे.

म्हणजे विचारायचं असं की माझा ड्रायव्हर ज्या डिव्हाइसशी बोलतो ते कुठं राहतं. ते व्हीएममध्ये राहत असेल तर टेस्ट व्हीएममध्ये. ते केबलच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात राहत असेल तर टेस्ट त्या केबलवर. शिरोलीच्या दादाचं दुसरं आहे, त्यामुळं शेवटचं पॅकेज खऱ्या मशीनवरचंच हवं. कुठल्या प्रकाराला काय चालतं ते प्रत्येक किटच्या कागदपत्रात असतं, तुमच्या आवृत्तीचं पान उघडून वाचा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका.

पण सुरुवातीपासनं खऱ्या मशीनवर बसू नका, तो वेळेचा फार मोठा अपव्यय आहे. अर्धं काम व्हीएमवर आधी उरकता येतं आणि उरकावंच. आयएनएफ (ड्रायव्हर इन्स्टॉल करायची फाइल) तपासणं आहे, इन्फव्हेरिफ चालवा. कोडक्यूएलचा (कोड न चालवता तपासणारं टूल) अ‍ॅनालिसिस करून डीव्हीएल (त्या तपासणीच्या निकालाची) फाइल बनवणं आहे, ती स्टॅटिक टूल्स लोगो टेस्टला लागते, ती बनवायला तर डिव्हाइस पण लागत नाही. मग एचव्हीसीआय, म्हणजे विंडोजची मेमरी इंटिग्रिटी चालू असताना ड्रायव्हर लोड होतो का. जुन्या ड्रायव्हरमध्ये एक्झिक्युटेबल नॉनपेज्ड पूल (कोड चालवता येईल अशी कर्नलची मेमरी) मागितलेला असतो, तिथं तो अडकतो, सगळीकडं एनएक्स (कोड न चालणारा) पूल करून घ्या, विंडोज १० २००४ पासून एक्स-अलोकेट-पूल-टू आहे ते वापरलं तर मेमरी शून्य करूनच मिळते. हे सगळं व्हीएममध्ये अगदी खरंखुरं कळतं कारण इथं तपासला जातोय तो कोड, बस नाही.

आणि व्हेरिफायर लावून एनेबल-डिसेबल, रीइन्स्टॉल वगैरे पण आधी व्हीएमवरच झोडून काढा. दहा मिनिटांपूर्वीच्या स्नॅपशॉटला परत जाता येतं, केडीनेटनं (नेटवर्कवरनं) विनडीबीजी डीबगर जोडायला दुसरी केबल नको, पडलं तर पडलं. खऱ्या मशीनवर ड्रायव्हर बूटलाच पाडायला लागला की सेफ मोडमध्ये जाऊन काढत बसावं लागतं. फक्त एक सांभाळा, एचएलकेची टेस्ट चालू असताना क्लायंटचा स्नॅपशॉट मागं फिरवू नका, कंट्रोलरला वाटतं क्लायंट एका पायरीवर आहे आणि क्लायंट दुसऱ्याच, मग जॉब नुसता लटकून राहतो.

सीरियलपोर्ट

थोडं वेगळं विचारतो, राग मानू नका. स्वतःचा कर्नल ड्रायव्हर लागतोच का? विंडोज १० पासून सीडीसी (यूएसबी सीरियल) क्लासचं डिव्हाइस लावलं की यूएसबीसेर डॉट सिस आपोआप लोड होतो, कॉम पोर्ट मिळतो, आयएनएफ नाही काही नाही. किंवा फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्ट ओएस डिस्क्रिप्टर टाकले तर विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचा तयार ड्रायव्हर आपणहून बसतो. दोन्ही विंडोजसोबतच येतात, सही मायक्रोसॉफ्टचीच, सर्टिफिकेशनचा विषयच संपला. सर्व्हरवर पण चालतं.

नाहीतर अ‍ॅटेस्टेशन साइनिंग करा, ईव्ही (कंपनीची कडक पडताळणी करून मिळणारं) सर्टिफिकेट घ्या, हार्डवेअर पोर्टलवर कॅब फाइल चढवा, एचएलके न चालवता सही मिळते, सिक्युअर बूटवर लोड होतो.

शिरोली_एम्बेडेड

सीरियलपोर्ट सर, राग कसला, हा विचार आम्ही पण केला होता. विनयूएसबीमध्ये अडचण अशी की डिव्हाइस एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. आमच्याकडं गिऱ्हाईकाचं स्काडा (प्लँटवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि आमचा स्वतःचा रिपोर्टिंग प्रोग्रॅम दोन्ही एकदम वाचतात. मधे एक सर्व्हिस टाकून दोघांना वाटता येईल, पण स्काडावाला थेट ड्रायव्हरशी बोलतो आणि तो भाग दुसऱ्या कंपनीचा आहे, ते बदलणं आमच्या हातात नाही. पुढच्या मॉडेलला मात्र नक्की विनयूएसबी आणि सर्व्हिस असंच करणार आहोत.

अ‍ॅटेस्टेशनचं ऐकून बरं वाटलं, पण सर्व्हर २०२२ ला चालेल का?

कर्नल_काका

नाही चालणार. विंडोज सर्व्हर २०१६ पासून पुढं अ‍ॅटेस्टेशन सहीचे डिव्हाइस ड्रायव्हर घेत नाहीत, तिथं एचएलकेचा निकाल जोडूनच सही घ्यावी लागते. विंडोज १०-११ पुरतं सीरियलपोर्ट म्हणतात ते बरोबर आहे, आणि गिऱ्हाईक फार घाईत असेल तर विंडोज १०-११ च्या मशीनसाठी अ‍ॅटेस्टेशनची सही आत्ता देऊन सर्व्हरचं एचएलके मागनं करता येईल. ईव्ही सर्टिफिकेट दोन्हीला लागतंच, पोर्टलवर कंपनी नोंदवायलाच ते लागतं. त्याची कागदपत्रं आजच सुरू कर, टेस्टपेक्षा तिथंच जास्त दिवस जातात. आणि सहीची की (गुप्त किल्ली) हार्डवेअर टोकनवर येते, ते टोकन कुठल्या मशीनला लावणार, कुणाच्या ताब्यात राहणार हे आधी ठरवा. कपाटात कुलपात ठेवायची वस्तू आहे ती.

ताईंनी लिहिलं ते सोन्यासारखं आहे, त्याच क्रमानं जा.

मशीन घेताना नवीन घ्यायची गरज नाही. पण काही गोष्टी बघून घे. एक, एस३ असलेला डेस्कटॉप घे. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस३ काढून मॉडर्न स्टँडबाय ठेवलेलं असतं, दोन्ही प्रकारचं एकेक मशीन मिळालं तर उत्तम, कारण गिऱ्हाईकाकडं काय असेल सांगता येत नाही. दोन, विंडोज टाकल्यावर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाकायला विसरू नको. बेसिक डिस्प्ले ड्रायव्हरवर मशीन असेल तर विंडोज एस३ बंद ठेवतं, मग झोपेच्या टेस्ट फेल जातात आणि माणूस आपल्याच ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसतो. तीन, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू पाहिजे, एचव्हीसीआयला लागतं, आणि टेस्टपुरता सिक्युअर बूट बंद ठेव कारण तुझा ड्रायव्हर अजून टेस्ट सहीचा आहे. टेस्ट मशीनला किमान रॅम, कोअर किती पाहिजेत ते विंडोज सर्व्हर आणि विंडोज ११ साठी वेगळं असू शकतं, किटच्या प्रीरिक्विझिटच्या पानावर बघ.

आता एक मोठी गोष्ट जी बहुतेकांना उशिरा कळते. डीएफच्या सगळ्या टेस्टमध्ये आयओ म्हणतात तो कोण करणार? कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क असल्या ओळखीच्या डिव्हाइसला किटमध्ये तयार सोय आहे, पण तुमचा लॉगर त्यांना माहीत नाही. त्यासाठी डब्ल्यूडीटीएफचा (मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर टेस्टच्या चौकटीचा) सिंपल आयओ प्लगइन तुला लिहावा लागेल, छोटी कॉम डीएलएल असते, डिव्हाइस उघडा, थोडा डेटा वाचा, बंद करा एवढंच तिच्यात असतं. ते नसेल तर झोपेच्या आणि रिमूव्हलच्या टेस्टमध्ये खरा डेटा वाहतच नाही आणि सगळ्या कसरतीला काही अर्थ राहत नाही. प्लगइनमध्ये नुसती व्हर्जन विचारून परत येऊ नको, खरं सॅम्पलिंग सुरू कर, सगळे चॅनेल चालू ठेव, शॉप फ्लोअरवर जसा चालतो तसा चालव. हा प्लगइन मात्र व्हीएमवर लिहून तपासता येतो, त्याला काही हरकत नाही.

उद्यमनगरकर

मशीनचं टेन्शन घेऊ नको भावा. एका ऑफिसचे जुने डेस्कटॉप निघालेत, माझ्याकडं पडून हायत, त्यातले दोन घेऊन जा, काम झालं की परत आण. विंडोज ११ बसतं का ते तूच बघ, टीपीएम चिपचं मला काय कळत नाही.

आणि यूपीएसचं बघा राव. शिरोलीला फाउंड्रीच्या फीडरवर व्होल्टेज कसं नाचतं तुला सांगायला नको. रात्रभर टेस्ट लावून घरी गेला आणि मधनं लाइट गेली तर सगळं परत. कंट्रोलरचा सर्व्हर, दोन्ही पीसी आणि नेटवर्कचा स्विच चारीला यूपीएस पाहिजे, स्विचला माणसं विसरतात.

शिरोली_एम्बेडेड

दादा लय उपकार झाले. मेसेज करतो, या आठवड्यात येऊन घेऊन जातो. टीपीएम नसेल तर त्या मशीनवर सर्व्हर २०२२ टाकतो आणि विंडोज ११ साठी आमच्या इथला एक डिझाइनचा पीसी रात्री मागून घेतो, डिस्क वेगळी लावून.

मालकांशी आत्ताच बोललो. फर्नेसवर लॉगर पडतो तोच प्रकार ह्या टेस्टमध्ये मुद्दाम करून बघतात आणि व्हीएममध्ये तो खरा होत नाही असं सांगितल्यावर पाच मिनिटांत हो म्हणाले, त्यांनी स्वतः फोनवर शिव्या खाल्ल्यात त्या प्रकाराच्या. आता असं ठरवलंय की सर्व्हरवर व्हीएचएलकेचे दोन कंट्रोलर, त्याच सर्व्हरवर माझी डेव्हलपमेंटची एक व्हीएम, त्यात ताई म्हणाल्या ते सगळं आधी, कोडक्यूएल, इन्फव्हेरिफ, एनएक्स पूल, मग प्लगइन, आणि शेवटी खऱ्या मशीनवर पूर्ण प्लेलिस्ट (लागणाऱ्या टेस्टची यादी). आमचा कोड जुना आहे, पूल सगळीकडं बदलायला लागणार हे आत्ताच दिसतंय.

एक शंका, ताई किंवा काका. माझ्या डेव्हलपमेंट व्हीएममध्ये लॉगर कसा जोडू? हायपर-व्हीत यूएसबी देता येत नाही म्हणालात.

क्यूईएमयू_ताई

त्या एका व्हीएमसाठी हायपर-व्हीचा हट्ट सोडा. तुमच्या स्वतःच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर टाका, लॉगर तिथंच टेबलावर जोडा, सर्व्हर कंट्रोलरसाठीच राहू दे. पासथ्रूमध्ये व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी टाकून फिल्टर लावा म्हणजे लॉगर रीसेट होऊन परत आला की आपोआप गेस्टकडं जातो, नाहीतर दरवेळी तो होस्टकडं जाऊन बसतो आणि तुम्हाला हातानं द्यावा लागतो. लिनक्स होस्ट असेल आणि बोर्डवर दुसरा यूएसबी कंट्रोलर असेल तर तो अख्खा व्हीएफआयओनं (लिनक्समधली पासथ्रूची सोय) गेस्टला द्या, ते खऱ्याच्या पुष्कळ जवळ जातं, गेस्टमधला एक्सएचसीआय ड्रायव्हर थेट चिपशी बोलतो. तरी मशीनची झोप त्यात येत नाही, म्हणून शेवट खऱ्या मशीनवरच.

आणि जुना कोड आहे म्हणालात म्हणून सांगते, व्हेरिफायर चालू केल्यावर पहिले काही दिवस सारखे डंप येतील. घाबरून जाऊ नका, व्हेरिफायरचा एकेक डंप म्हणजे गिऱ्हाईकाकडं न गेलेला एकेक फोन. इथं टाका डंपमधला स्टॅक, आम्ही बघू.

सीरियलपोर्ट

सर्व्हरवाला मुद्दा मला नवीन होता, काका धन्यवाद. पुढच्या मॉडेलला केएमडीएफच पाहिजे असं वाटलं तर यूएमडीएफ २ (कर्नलबाहेर चालणाऱ्या ड्रायव्हरची चौकट) पण बघा, एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम उघडू शकतात आणि ड्रायव्हर पडला तर त्याची होस्ट प्रोसेस पडते, मशीन नाही. कोड केएमडीएफसारखाच दिसतो, बरेचसे फंक्शन तेच.

कर्नल_काका

यूएमडीएफचं सांगितलं ते फार चांगलं, फाउंड्रीतल्या मशीनला तेच शोभतं.

शिरोली, टेस्ट सुरू करशील तेव्हा दोन कामं आधी कर. स्टुडिओमध्ये तुझ्या किटची अधिकृत प्लेलिस्ट लोड कर, ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीची वेगळी असते, प्लेलिस्ट न लावता सगळ्या टेस्ट चालवल्यास तर नको त्यात पण वेळ जाईल आणि सबमिशनला अडचण येईल. दुसरं, एखादी टेस्ट लाल दिसली की कोड उघडायच्या आधी कंट्रोलरवर ताजे फिल्टर टाक. किटमधल्याच माहीत असलेल्या चुका असतात, फिल्टर टाकल्यावर त्या माफ होतात. तरीपण लाल राहिलं तर मग लॉग वाच, आणि तो लॉग डेव्हलपमेंट व्हीएममध्ये परत घडतो का ते बघ. घडला तर कोडचा दोष धरून तिथंच आरामात शोध. नाही घडला तर बस, पॉवर किंवा वेळेचा धर, आणि फर्मवेअरवाल्याला शेजारी बसवून खऱ्या मशीनवर शोध, ते एकट्या ड्रायव्हरवाल्याचं काम नाही.

सर्व्हर २०२२ चं आणि विंडोज ११ चं अशी दोन पॅकेज होतील. ड्रायव्हर दोन्हीकडं एकच असेल तर स्टुडिओत ती मर्ज करून एकच एचएलकेएक्स फाइल बनव, ईव्ही टोकननं सही कर आणि एकदाच सबमिट कर. त्यासाठी दोन्हीकडं टेस्ट केलेल्या ड्रायव्हरच्या फाइल अगदी त्याच पाहिजेत, म्हणून टेस्ट सुरू झाल्यावर मधनं पुन्हा बिल्ड करू नको, पहिल्या दिवशीचा बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये लॉक करून ठेव आणि दोन्ही मशीनवर तिथनंच टाक.